सीआयसीच्या नळ्यांचे परीक्षण: साधी, लाल रबरी आणि हायड्रोफिलिक

स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटण्याचा दोष) असलेल्या बाळाच्या घरात पहिली काही वर्षे सगळ्यांचे लक्ष पाठीवरच्या गाठीची शस्त्रक्रिया, डोक्यातल्या पाण्यासाठी बसवलेला शंट आणि मूल चालेल की नाही हा प्रश्न, यांवरच खिळलेले असते. ते स्वाभाविक आहे, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात. लघवीचा प्रश्न मात्र लंगोटात झाकलेला राहतो आणि त्याची आठवण होते ती मूल शाळेत जायच्या वयाचे झाल्यावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे वारंवार ताप येऊ लागून सोनोग्राफीत मूत्रपिंडे सुजलेली दिसल्यावर. म्हणून ज्या वस्तूच्या आधारावर माझी मूत्रपिंडे आजवर नीट राहिली, त्या वस्तूचे परीक्षण मी येथे लिहीत आहे. ही वस्तू म्हणजे दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामे करण्याची बारीक नळी. डॉक्टर तिला इंटरमिटंट कॅथेटर म्हणतात, मेडिकलमध्ये ती नेलाटॉन कॅथेटर या नावाने मागावी लागते, आणि ती वापरण्याच्या पद्धतीला क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन, थोडक्यात सीआयसी, असे म्हणतात.

माझा जन्म कमरेच्या खालच्या भागातील मायलोमेनिंगोसील घेऊन झाला. मी पायांत एएफओ (घोट्याला आधार देणारे साचे) आणि हातात कुबडी घेऊन चालतो आणि एका सहकारी बँकेत नोकरी करतो. लहानपणी आई नळी घालत असे; प्राथमिक शाळेत असतानाच मी ते स्वतः करायला शिकलो आणि तेव्हापासून बाजारात मिळणारे बहुतेक प्रकार वापरून झाले आहेत. नळीचा आकार, दिवसातून किती वेळा घालायची आणि सोबतची औषधे हे सर्व युरोसर्जननेच (मूत्रमार्गाच्या शल्यचिकित्सकाने) ठरवायचे असते. मी लिहितो आहे ते वापरणाऱ्याच्या अनुभवातून.

थोडी शरीररचना सांगणे भाग आहे, कारण ती समजली नाही की नळीची निवड नुसती किमतीवर होते. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांच्या आत, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते अशा काळात, गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू व मज्जारज्जू बनतो ती नळी, मिटते. ती कुठे उघडी राहिली तर त्या जागी मणक्यांच्या कमानी पूर्ण होत नाहीत, आणि मायलोमेनिंगोसील या प्रकारात मज्जारज्जू व त्याच्या नसा पाठीवरच्या पिशवीत बाहेर येतात. (एक्स-रेच्या अहवालात ‘स्पायना बिफिडा ऑकल्टा’ हे शब्द वाचून हादरलेले लोक मला नेहमी भेटतात. मणक्याच्या कमानीतली तेवढीच फट अनेक निरोगी माणसांत सापडते आणि तिचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. मात्र पाठीवर केसांचा झुपका, खळगा किंवा चरबीची गाठ असेल, अथवा पायांच्या किंवा लघवीच्या तक्रारी असतील, तर तपासणी टाळू नये.) मूत्राशयाला चालवणाऱ्या नसा कण्याच्या अगदी खालच्या भागातून, एस-२ ते एस-४ या मुळांतून निघतात. त्यामुळे दोष कितीही खाली असला आणि मूल चांगले चालत असले, तरी मूत्राशय सहसा त्यातून सुटत नाही. ‘पोरगं चालतंय ना, मग काळजी कसली’ या समाधानात अनेक घरांनी मोलाची वर्षे घालवली आहेत.

यातला खरा धोका ओलेपणाचा नाही, दाबाचा आहे. निरोगी माणसात मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा खालचा आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. आमच्यापैकी पुष्कळांत हा ताळमेळ नसतो. दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतात, आतला दाब वाढत जातो, मूत्राशयाची भिंत जाड व ताठर होते आणि लघवी मूत्रवाहिन्यांतून उलटी मूत्रपिंडांकडे जाऊ लागते. मूत्राशयातील दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर राहिला तर मूत्रपिंडांना इजा होण्याची शक्यता वाढते, हा निकष १९८०च्या दशकापासून डॉक्टर वापरत आले आहेत. डायपर ओला होतो म्हणजे लघवी होते, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते काठोकाठ भरलेल्या टाकीतून ओसंडणारे पाणी असते. टाकी रिकामी झालेलीच नसते. पोट दाबून लघवी काढण्याची जुनी पद्धतही अजून काही ठिकाणी शिकवली जाते. खालचा स्नायू आवळलेला असताना वरून दाबले तर लघवी वरच्या दिशेने ढकलली जाते, म्हणून डॉक्टरांनी तपासणी करून स्पष्ट सांगितल्याशिवाय तो उपाय कोणी करू नये, असे मी कळकळीने सांगेन.

सीआयसीचा शोध फार जुना नाही. त्याआधी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी ठरावीक वेळाने नळी घालण्याची पद्धत रूढ केली होती, पण ती पूर्ण निर्जंतुक पद्धत होती आणि घरी करण्यासारखी नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस आणि त्यांचे सहकारी यांनी मांडले की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी चालते. त्यांचा युक्तिवाद असा होता की मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिची जंतूंशी लढण्याची ताकद घटते. म्हणून जंतूंना दाराबाहेर अडवण्याच्या खटाटोपापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे. नळीला पैसे किती मोजले यापेक्षा ती घड्याळाप्रमाणे घातली जाते की नाही, हे पुढच्या सगळ्या तुलनेत मी वरचढ मानतो, ते या युक्तिवादामुळे.

आता साधी नळी. ही पारदर्शक, पीव्हीसीची, पुरुषांसाठी सुमारे ४० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी त्याच्या निम्म्या लांबीची असते. टोक बंद व गोलसर, टोकाजवळ बाजूला दोन छिद्रे आणि दुसऱ्या टोकाला रंगीत नरसाळे. हा रंग शोभेसाठी नसतो, तो आकार सांगतो: ६ नंबरला फिकट हिरवा, ८ला निळा, १०ला काळा, १२ला पांढरा, १४ला हिरवा, १६ला नारिंगी. नंबर फ्रेंच मापात असतो आणि त्याला तीनने भागले की मिलिमीटरमधील बाहेरची जाडी मिळते. म्हणजे १२ नंबरची नळी ४ मिलिमीटर जाडीची. दुकानदाराने घाईत दुसरीच पेटी काढून दिली तरी नरसाळ्याचा रंग पाहून ती तिथल्या तिथे परत करता येते. अगदी तान्ह्या बाळांना पुष्कळ ठिकाणी ६ किंवा ८ नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूबच (बाळाला दूध पाजण्याची नळी) दिली जाते. तिचे काम होते, पण ती फार लवचीक असल्यामुळे गरजेपेक्षा आत सरकवल्यास मूत्राशयात तिची गाठ बसू शकते, हे आईला पहिल्याच दिवशी सांगितले जायला हवे. लघवी यायला लागली की त्यापुढे थोडीच सरकवून थांबायचे.

बारीक नळी म्हणजे सुरक्षित नळी, हा समज पालकांत फार खोल रुजलेला आहे. वाढत्या मुलाला लहानपणचीच नळी चालू ठेवली तर मूत्राशय रिकामे व्हायला इतका वेळ लागतो की मूल कंटाळून अर्ध्यातच नळी काढते आणि उरलेली लघवी आत राहते. ती सडते आणि ताप येतो. मूल वाढले की आकार वाढवण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे.

साध्या नळीचा दर्जा तिच्या छिद्रांच्या कडेवर ठरतो. छिद्र कापल्यावर कड गुळगुळीत केलेली असेल तर नळी आत-बाहेर जाताना काहीच जाणवत नाही; कड खरखरीत राहिली असेल तर ज्यांना संवेदना आहे त्यांना ओरखडा लागल्यासारखे होते, आणि ज्यांना संवेदना नाही त्यांना नळीवर रक्ताची रेघ दिसेपर्यंत काही कळतच नाही. नवीन पेटी आणली की त्यातली एक नळी मी बाजूला काढतो, उजेडात धरून छिद्रे पाहतो आणि बोटाच्या पेराने कड चाचपतो. ती नळी फुकट जाते, पण उरलेल्या पेटीचा निकाल लागतो. एकाच कंपनीच्या दोन खेपांत फरक पडलेलाही मी पाहिला आहे, त्यामुळे नावावर विसंबून राहण्यापेक्षा प्रत्येक खेप तपासण्याची सवय बरी.

पीव्हीसी हवामानाप्रमाणे वागते. डिसेंबरच्या पहाटे ती ताठ असते आणि थोडा वेळ तळहातांत धरून कोमट केली तर सोपी जाते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेली नळी इतकी मऊ पडते की पुढे ढकलताना वाकते. शिवाय उन्हाने पाकिटाचा चिकटवलेला कागद सुटून निर्जंतुकपणा संपलेला असतो. म्हणून नळ्या डिकीत न ठेवता नेहमी खांद्याच्या पिशवीत ठेवाव्यात. पाकीट उघडताना कागद प्लास्टिकपासून सोलून काढायचा असतो; मधून टर्रकन फाडले की कागदाचे तंतू नळीला चिकटतात.

साध्या नळीला जेली लागतेच. ती पाण्यात विरघळणारी असली पाहिजे. व्हॅसलिन, खोबरेल तेल किंवा तूप वापरण्याचा सल्ला घरातली मोठी माणसे प्रेमाने देतात, पण हे पदार्थ लघवीबरोबर धुऊन जात नाहीत आणि आत साचून राहतात. आपल्याकडे बधिर करणारी लिग्नोकेनची जेली सर्रास हातात दिली जाते. दिवसातून पाच वेळा, वर्षानुवर्षे ती वापरायची की साधी जेली पुरेशी आहे, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. माझे काम साध्या जेलीवर उत्तम चालते. नळी काढतानाही घाई नको. धार थांबली की नळी बोटभर मागे घ्यावी. बहुतेक वेळा पुन्हा एक छोटी धार येते, आणि तीच बाहेर काढायची राहून गेली तर तासाभरात कपडे ओले होतात. आई हे करताना ‘थांब, अजून आहे’ असे हळूच म्हणत असे, आणि ते खरे असे.

आता पुनर्वापराचा प्रश्न. पाकिटावर एकदाच वापरण्याची खूण असते, आणि परवडत असेल तर तेच करावे, याबद्दल दुमत नाही. पण दिवसाला पाच नळ्या म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या झाल्या, आणि हा खर्च आयुष्यभराचा आहे. शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजनांचा आधार मिळतो; रोजच्या नळ्यांचे पैसे मात्र बहुतेक घरांत खिशातूनच जातात. त्यामुळे आपल्याकडे असंख्य कुटुंबे एक नळी धुऊन पुन्हा वापरतात आणि ते वास्तव नाकारून कोणाचेच भले होणार नाही. ज्यांना डॉक्टरांनी तशी परवानगी दिली आहे त्यांनी नळी वापरल्याबरोबर, आतून लघवी वाळण्याआधी, साबणाच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, झटकून कोरडी करावी, झाकणाच्या स्वच्छ व कोरड्या डब्यात ठेवावी आणि ती कधी टाकायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नळी कडक झाली, गढूळ दिसू लागली किंवा तिला वास येऊ लागला, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. ओल्या डब्यात बंद केलेली धुतलेली नळी न धुतलेल्या नळीइतकीच वाईट. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ सालच्या आढाव्यात उपलब्ध अभ्यासांची छाननी केल्यावर असेच आढळले की एकदा वापरून टाकण्याने लघवीचा संसर्ग पुनर्वापरापेक्षा कमी होतो का, किंवा लेप असलेल्या नळ्यांनी तो कमी होतो का, हे निश्चितपणे सांगण्याइतका पुरावा हाती नाही. याचा अर्थ पुनर्वापर निर्धोक ठरला असा नाही. पण परवडत नाही म्हणून जे आई-वडील स्वतःला अपराधी समजतात, त्यांच्या मनावरचा भार यामुळे थोडा हलका व्हावा असे मला वाटते.

लाल रबरी नळीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण माझे मत एका वाक्यात संपते: स्पायना बिफिडा असलेल्या कोणीही ती वापरू नये. ही नळी नैसर्गिक रबराची, म्हणजे लॅटेक्सची असते. ती मऊ असते, उकळता येते आणि बरेच दिवस टिकते, म्हणून जुन्या पिढीतल्या परिचारिका व काही दुकानदार ती आजही सुचवतात. परंतु जन्मापासून वारंवार शस्त्रक्रिया आणि नळ्या यांमुळे आमच्या शरीराचा लॅटेक्सशी सतत संपर्क येतो आणि आमच्यात लॅटेक्सची ॲलर्जी इतर लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. ती अंगावर पित्त उठण्यापुरती राहू शकते, तशीच श्वास कोंडून रक्तदाब कोसळण्यापर्यंतही जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९१ मध्ये वैद्यकीय वस्तूंतील लॅटेक्सबद्दल इशारा दिला होता, इतकी ही गोष्ट जुनी आहे. पालकांनी दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर ‘लॅटेक्स टाळावे’ असे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे आणि हातमोजे, फोली कॅथेटर (मूत्राशयात बसवून ठेवायची नळी), इतकेच नव्हे तर वाढदिवसाचे फुगे यांच्याकडेही त्याच नजरेने पाहावे. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना केळी, किवी किंवा अव्होकाडो खाल्ल्यावरही त्रास होतो. उपवासाला केळे खाल्ले आणि ओठ सुजले, तर त्याचा संबंध नळीशी असू शकतो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हायड्रोफिलिक नळी हा तिसरा प्रकार, आणि मला मनापासून आवडलेला. हिच्या पृष्ठभागावर पाणी धरून ठेवणारा लेप असतो, त्यामुळे ती ओली झाली की आपोआप निसरडी होते आणि वेगळी जेली लागत नाही. स्वीडनमध्ये १९८३ साली लोफ्रिक या नावाने ती बाजारात आली. डेन्मार्कच्या कोलोप्लास्ट कंपनीची स्पीडीकॅथ ही पाकिटातच द्रवात भिजवलेली असते आणि उघडताक्षणी वापरता येते. काही नळ्यांच्या पाकिटात पाण्याची छोटी पुडी असते. ती दाबून फोडायची आणि सुमारे अर्धा मिनिट थांबायचे. नळी आत जाताना आणि त्याहून अधिक बाहेर येताना जे ओढल्यासारखे होते, ते हिच्यात जवळजवळ नसते. ज्यांना संवेदना शिल्लक आहे, ज्यांच्या मूत्रमार्गात आधी जखम झाली आहे, किंवा जी मुले नळीच्या नावानेच रडतात, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. स्त्रियांसाठीची आखूड नळी तर पर्समध्ये सहज मावते आणि ती काय वस्तू आहे हे बघणाऱ्याला ओळखूही येत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना या गोष्टीचे मोल किती असते ते त्यांनाच विचारावे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उघडून ठेवली आणि मध्येच कोणी दार वाजवले, फोन आला, पाच-दहा मिनिटे गेली, की लेप वाळू लागतो आणि नळी चिकट होते. अशी नळी जबरदस्तीने घालू नये. ती धुऊन पुन्हा वापरता येत नाही, हे तर पक्के. निसरडी असल्यामुळे बोटांत कमी ताकद असलेल्याला ती पकडणे अवघड जाते, म्हणून बाहेरून पकडण्याची पट्टी असलेला प्रकार मागावा. आणि किंमत. ती साध्या नळीच्या कितीतरी पट असते आणि तालुक्याच्या गावात तर ती मागवूनच घ्यावी लागते. माझा मार्ग मधला आहे: घरी आणि कार्यालयात, जिथे पाणी, साबण व टेबल आहे, तिथे साधी नळी, एसटीच्या किंवा रेल्वेच्या प्रवासात, लग्नकार्यात, जिथे जेलीची ट्यूब उघडून ठेवायलाही कोरडी जागा नसते, तिथे हायड्रोफिलिक. ज्याला सर्व वेळ ती परवडते त्याने जरूर वापरावी. ज्याला परवडत नाही त्याने आपण मुलाला काही कमी देतो आहोत असे मानू नये. महागडी नळी महिन्यात संपली म्हणून शेवटचे आठ दिवस दोनच वेळा घातली, असे होण्यापेक्षा साधी नळी पाचही वेळा घातलेली केव्हाही श्रेष्ठ.

कायमची बसवून ठेवायची फोली नळी किंवा बाहेरून लावायची पिशवी यांचा विचार काही जण सोय म्हणून करतात. पहिलीत संसर्ग व खडे यांचा धोका वर्षानुवर्षे वाढत जातो, आणि दुसरी फक्त गळती गोळा करते, मूत्राशय रिकामे करत नाही. दोन्हींना त्यांची त्यांची जागा आहे, पण सीआयसीला पर्याय म्हणून माझ्या मते नाही.

नळी एकटी पुरेशी नसते. मूत्राशयाचा दाब कमी करण्यासाठी अनेकांना ऑक्सिब्युटिनिन दिले जाते. त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता वाढते आणि घाम कमी येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे औषध घेणाऱ्या मुलाला भर दुपारी मैदानात उभे करू नये, कारण घाम न आल्यास अंग तापते. बद्धकोष्ठतेकडेही नळीइतकेच लक्ष द्यावे लागते. आतड्यात मळ साचला की तो मूत्राशयावर रेटतो, आणि चांगल्यात चांगली नळी घालूनही गळती थांबत नाही. लघवीच्या तपासणीत जंतू दिसले पण ताप, वेदना किंवा नवी गळती काहीच नसेल, तर बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते; सीआयसी करणाऱ्यांच्या लघवीत जंतू असणे ही नेहमीची गोष्ट आहे. नुसता अहवाल पाहून सतत गोळ्या घेतल्या की खऱ्या संसर्गाच्या वेळी त्या लागू पडत नाहीत.

सोबत एक वही आणि मापाचे भांडे ठेवावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो. किती वाजता, किती मिलिलिटर आणि मधल्या वेळेत कपडे ओले झाले का, एवढेच लिहायचे. मुलाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता वयात एक मिळवून तीसने गुणल्यास अंदाजे कळते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाची सुमारे २७० मिलिलिटर. वहीतले आकडे यापेक्षा पुष्कळ कमी राहत असतील, किंवा अनेक महिने स्थिर असलेले आकडे अचानक घसरले आणि गळती वाढली, तर नळी बदलत बसू नये. मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्यावी. मूल वाढताना मज्जारज्जू खालच्या व्रणाला चिकटून ताणला जातो, ज्याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा पायांऐवजी मूत्राशयातच दिसते. माझ्या बाबतीत हा बदल आईच्या वहीमुळेच वेळेवर ध्यानात आला. पिवळ्या पडलेल्या त्या दोनशे पानी वहीत आकडे निळ्या शाईत आणि ओल्या कपड्यांची नोंद लाल शाईत आहे. एका पानानंतर लाल शाई एकदम वाढत गेलेली दिसते, आणि तीच वही पाहून न्यूरोसर्जनने एमआरआय करायला सांगितला. सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) मात्र सगळे ठीक असतानाही ठरलेल्या वेळी झालेच पाहिजेत.

नळी किती चांगली चालेल हे शेवटी स्वच्छतागृहावरही अवलंबून असते, आणि येथे माझे मन फार दुखते. सीआयसीला मोठे काही लागत नाही: आतून लागणारी कडी, पाणी, वस्तू ठेवायला एक फळी आणि दहा मिनिटे कोणी दार न ठोठावणे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे शाळांनी इमारत व परिसर दिव्यांग मुलांना वापरता येईल असा ठेवायचा आहे. मी शिकलो त्या शाळेत दाराला कडीच नव्हती आणि माझा मित्र रोज मधल्या सुट्टीत बाहेर पाठ टेकवून उभा राहत असे. आजही एका मोठ्या इमारतीतील दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात मला झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या आढळतात आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसते. अशा ठिकाणी मूल पाणी पिणेच बंद करते, फेरी चुकवते, आणि नळीला दोष दिला जातो. मुलाला शाळेत घालताना पालकांनी मुख्याध्यापकांना युरोसर्जनचे पत्र द्यावे आणि वेळा त्यात लिहून घ्याव्यात. वर्गशिक्षिकेला एकदा नीट समजावून सांगितले की बहुतेक बाई मनापासून साथ देतात.

मुले साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात स्वतः नळी घालायला शिकू शकतात, काही त्याआधीही. शंट असलेल्या काही मुलांना क्रम लक्षात ठेवणे जड जाते. त्यांच्यासाठी पायऱ्यांची चित्रे भिंतीवर लावावीत आणि घड्याळाचा गजर द्यावा. अशा शिकाऊ हातांसाठी साधी नळी मला अधिक सोयीची वाटते, कारण ती हातातून निसटत नाही आणि एखादी खाली पडून वाया गेली तर कोणी रागावत नाही.

खरेदीबद्दल शेवटचे. सुट्ट्या नळ्या घेण्यापेक्षा वितरकाकडून पूर्ण पेटी घेतली तर दर बराच कमी पडतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मागवली तर आणखी बरे. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची पद्धत, मुदत आणि लॅटेक्स नसल्याचा उल्लेख पाहून घ्यावा, फुगलेले किंवा कडेला सुटलेले पाकीट परत करावे, आणि पावसाळ्यात पेटी जमिनीवर न ठेवता कपाटात ठेवावी. दिवाळीत आणि मार्चअखेर वितरकांकडे माल अडकतो, म्हणून घरात किमान पंधरा दिवसांचा साठा नेहमी असू द्यावा.